'हुशार आहे, पण आळशी': या जोडीत तथ्य किती?

शंकेखोर (धागाकर्ता)

"पोरगं हुशार आहे हो, फक्त मेहनत घेत नाही." या वाक्यात तक्रार कमी आणि कौतुकच जास्त असतं. उलट जो रोज नेमाने अभ्यासाला बसतो त्याला आपण घोकंपट्टीवाला ठरवून मोकळे होतो. जणू बुद्धी आणि शिस्त यांचं हाडवैर आहे. मला हा समज साफ चुकीचा वाटतो.

स्वभाव मोजण्यासाठी मानसशास्त्रात पाच मोठे गुण धरतात. शिस्तशीरपणा, म्हणजे चिकाटी, नेटकेपणा, हातातलं काम तडीस नेणं, हा त्यांतला एक. २०२२ साली ॲंग्लिम आणि सहकाऱ्यांनी २७२ अभ्यासांची, दीड लाखाहून जास्त माणसांची आकडेवारी एकत्र करून तपासली. बुद्धिमत्ता आणि शिस्तशीरपणा यांचा सहसंबंध (दोन गोष्टी किती जोडीने बदलतात याचं माप: शून्य म्हणजे संबंध नाही, १ म्हणजे पुरता संबंध) जवळपास शून्य निघाला. पाचांतल्याच नव्याची ओढ या गुणाशी तो ०.२ च्या आसपास, आणि चिंतातुर स्वभाव या गुणाशी उलट्या दिशेने, तोही ०.१ च्या आत. आळशी माणसं हुशारांत आहेत तशीच इतरांतही आहेत. आळस हा हुशारीचा दाखला नव्हे.

बोरूबहाद्दर

असहमत. सगळ्यांची सरासरी काढली की काहीही शून्यावर येतं. मुताफी, फर्नहॅम आणि पाल्टिएल यांच्या २००४ च्या लेखाचं शीर्षकच मुळी 'शिस्तशीरपणाचा बुद्धिमत्तेशी संबंध उलटा का' अशा अर्थाचं आहे. त्यांचा तर्क साधा आहे. ज्याला एका वाचनात समजतं तो वेळापत्रक आखत बसत नाही. ज्याला समजायला वेळ लागतो तो टिपणं काढतो, उजळणी करतो आणि कसर भरून काढतो. कामाच्या ठिकाणी मी हेच बघत आलो आहे: सगळ्यात तल्लख माणसाच्या टेबलावर सगळ्यात जास्त पसारा.

शंकेखोर

तुम्ही बघता ते खोटं नाही, पण ते कुठे बघता ते महत्त्वाचं. समजा एखाद्या संस्थेत प्रवेश गुणांवर मिळतो, आणि गुण बुद्धीनेही मिळतात, कष्टानेही. ज्याच्याकडे दोन्ही नाही तो दाराबाहेरच राहिला. आत आलेल्यांत जो बुद्धीने बेताचा आहे तो कष्टाळू असणारच, नाहीतर आत आलाच नसता. जो आळशी आहे तो हुशार असणारच, कारण तेच. बाहेरच्या जगात दोन्हींचा काडीचा संबंध नसला तरी आतल्या लोकांत उलटा संबंध आपोआप तयार होतो. संख्याशास्त्रज्ञ बर्कसन यांनी १९४६ साली रुग्णालयांच्या आकडेवारीबाबत हीच फसगत दाखवली होती: दाखल झालेल्या रुग्णांतच शोधलं तर एरवी असंबद्ध असलेले दोन आजार एकमेकांशी जोडलेले दिसतात.

आता तुमच्या कार्यालयाकडे बघा. मुलाखतीच्या चाळणीतून आलेली माणसं आहेत ती. मंद आणि शिवाय आळशी, अशा माणसाला तुमच्या शेजारची खुर्ची मिळालीच नाही. तो तुमच्या निरीक्षणात येणार कुठून?

बोरूबहाद्दर

आमच्याकडे तसेही दोन-चार आहेत, पण ते असो. चाळणीमुळे उलटा संबंध *दिसू शकतो*, हे मान्य. म्हणून भरपाईचा तर्क खोटा ठरतो असं नाही. दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं.

अर्धविराम

बुद्धी-शिस्तीच्या चर्चेत एक गोष्ट नेहमी राहून जाते: यश मोजायचं कशाने? डकवर्थ आणि सेलिगमन यांनी २००५ साली आठवीच्या मुलांवर अभ्यास केला. वर्षाअखेरच्या गुणांतला जितका फरक बुद्ध्यांकाने उलगडतो, त्याच्या दुपटीहून जास्त फरक स्वयंशिस्तीने उलगडला. मग काय, 'बुद्धीपेक्षा शिस्त श्रेष्ठ' हे जो तो सांगायला लागला. पण २०१२ मध्ये डकवर्थ यांच्याच पुढच्या कामात चित्र जास्त बारकाईने आलं. शिक्षकांनी दिलेल्या गुणांना आत्मसंयम जास्त लागू पडतो, प्रमाणित चाचणीतल्या गुणांना बुद्ध्यांक. साहजिक आहे. शिक्षकांच्या गुणांत गृहपाठ, वर्गातलं वागणं, वेळेवर वही देणं सगळं मिसळलेलं असतं. तेव्हा श्रेष्ठ कोण हा वाद मला फुकाचा वाटतो.

तिरकस

मला त्या ०.२ बद्दलच शंका आहे. नव्याची ओढ मोजणाऱ्या काही प्रश्नावल्यांत 'मला गोष्टी चटकन समजतात', 'अमूर्त कल्पना समजायला मला जड जातात' अशा धर्तीची विधानं असतात. म्हणजे आधी माणसालाच विचारायचं की बाबा रे, तू हुशार आहेस का, आणि मग शोध लावायचा की हो म्हणणारे थोडे हुशार निघाले! शिवाय सहसंबंधाचा वर्ग केला की एका गोष्टीने दुसरीतला किती फरक उलगडतो ते कळतं; ०.२ चा वर्ग म्हणजे जेमतेम ४ टक्के. एवढ्यावर 'जिज्ञासू लोक बुद्धिमान असतात' म्हणायचं?

नीलिमा_त

४ टक्के कमीच, पण कारण तुम्ही म्हणता तेवढंच नसावं. मानसशास्त्रज्ञ कॅटेल यांनी बुद्धीचे दोन भाग केले: नवं कोडं सोडवण्याची ताकद, आणि साठत गेलेलं ज्ञान. नव्याची ओढ यांतल्या दुसऱ्या भागाशी, म्हणजे शब्दसंग्रह आणि सामान्य ज्ञानाशी, जास्त जुळते. कुतूहल असलेला माणूस वर्षानुवर्षं वाचतो, विचारतो, आणि त्याची पुंजी वाढते. निव्वळ आत्मस्तुती असती तर दोन्हींशी सारखंच जुळलं असतं.

तिरकस

किंवा ज्याच्याकडे पुंजी आहे त्याला ती आहे हे माहीत असतं, म्हणून तो स्वतःला जिज्ञासू म्हणवतो. आधी काय आणि मग काय हे एकदाच घेतलेल्या मोजमापातून कळत नाही.

अर्धविराम

चिंतातुर स्वभावाबद्दलही तेच. परीक्षेला बसताना ज्याचे हातपाय गार पडतात त्याचा आकडा घसरतो. क्षमता कमी होती की त्या तासाभरात ती वापरता आली नाही, हे आकडा सांगत नाही.

बोरूबहाद्दर

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ टर्मन यांचं उदाहरण कुणी दिलं नाही म्हणून मी देतो. १९२१ पासून त्यांनी उच्च बुद्ध्यांकाच्या दीड हजारांवर मुलांचा मागोवा घेतला. पुढे त्यांतले सर्वांत यशस्वी आणि सर्वांत अयशस्वी पुरुष वेगळे काढले, तर बुद्ध्यांकात फारसा फरक नव्हता. फरक होता चिकाटी आणि आत्मविश्वासात. आळशी हुशारांचा एवढा मोठा गट आणखी कुठे मिळणार?

शंकेखोर

त्या दोन गटांच्या वडिलांच्या शिक्षणातही मोठा फरक होता, तो का गाळता? आणि पुढे नोबेल मिळवणारे भौतिकशास्त्रज्ञ शॉकली आणि अल्व्हारेझ लहानपणी टर्मन यांच्या चाळणीत नापास होऊन गटाबाहेर राहिले होते. पुन्हा चाळणीच. शिवाय तुमच्या उदाहरणातून सिद्ध एवढंच होतं की हुशारांत आळशीही असतात आणि चिवटही. ते मी पहिल्याच प्रतिसादाआधी म्हटलं होतं.

बोरूबहाद्दर

पण शिस्त मोजली कशी? माणूस स्वतःला स्वतःच्या गोतावळ्याशी ताडून गुण देतो. कामसू लोकांत वावरणारा स्वतःला आळशी लिहितो, ऐतखाऊंत वावरणारा स्वतःला कष्टाळू. सोबत काम करणाऱ्यांना विचारून काढलेला आकडा दाखवा, तुमच्या शून्याचं मग बघू.