सल्ला हवा: बोक्याचा मधुमेह घरच्या घरी, महिना चार हजारांत कसा सांभाळावा?

कृष्णाकाठ
बोका, वय ९, नसबंदी झालेला, वजन ६.४ किलो. पाणी सारखं पितो, वाळूत लघवीचे मोठमोठे गोळे होतात, मागचे पाय टाचेपर्यंत टेकवून चालतो. दवाखान्यात साखर ४१२ आली. लघवीत साखर आहे, कीटोन (इन्सुलिन कमी पडून शरीर चरबी जाळू लागलं की तयार होणारी आम्लं) नाहीत. डॉक्टरांनी ग्लार्जिन इन्सुलिन १ युनिट, दिवसातून दोनदा सांगितलं आहे. आजवरचं खाणं फक्त सुकं कॅट फूड. मुक्काम वाई.

खाण्यासकट महिन्याला चार हजारांच्या वर जमणार नाही. काटकसर कुठे चालेल आणि कुठे अजिबात नाही? माणसांचा ग्लुकोमीटर चालतो का? सुईऐवजी गोळी? उन्हाळ्यात इथे लाइट तासन् तास जाते, तेव्हा इन्सुलिन कसं टिकवायचं? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहा.

ओसरी
आधी सिरिंजबद्दल, कारण साखर वाढलेली मांजर काही दिवस तग धरते, इन्सुलिन जास्त गेलेली मांजर काही तासांत हातची जाऊ शकते.

ग्लार्जिन (लँटस, बेसालॉग वगैरे) मिलीला १०० युनिटचं असतं. त्याला नारिंगी टोपणाची सिरिंज लागते. लाल टोपणाची सिरिंज मिलीला ४० युनिटच्या इन्सुलिनसाठी. आपल्याकडे ४० च्या बाटल्या खूप खपतात, म्हणून मेडिकलवाला न विचारता लाल हातात ठेवतो. लाल सिरिंजमध्ये १ च्या रेघेपर्यंत ०.०२५ मिली बसतं, म्हणजे ग्लार्जिनचे अडीच युनिट. एक सांगितलेलं असताना अडीच गेले. बाटलीवरचा आकडा आणि सिरिंजवरचा आकडा दुकानातच शेजारी धरून वाचा.

नारिंगीतसुद्धा १ मिलीची घेऊ नका. तिच्यावर एक रेघ २ युनिटची असते, म्हणजे तुमचा १ युनिट शून्य आणि पहिली रेघ यांच्या मधे कुठेतरी अंदाजाने येणार. ०.३ मिलीची, अर्ध्या युनिटच्या रेघा असलेली, ३१ गेज, ६ किंवा ८ मिमी सुईची मागवून घ्या. गावात नसते, ऑर्डर द्यावी लागते.

इन्सुलिन १० मिलीच्या बाटलीऐवजी ३ मिलीच्या काट्रिजमध्ये (इन्सुलिनच्या पेनात बसणारी छोटी नळी) घ्या. तुमच्या बोक्याला महिन्याला ६० युनिट लागतात. बाटलीत १००० असतात, काट्रिजमध्ये ३००. पेन घेण्याची गरज नाही, काट्रिजच्या रबरातून सिरिंजनेच काढायचं. आत हवा भरायची नाही आणि जास्त काढलेलं परत आत ढकलायचं नाही. सुई वर धरून टिचकी मारा, बुडबुडा वर आला की बाहेर घालवा. इतक्या छोट्या मापात टाचणीच्या डोक्याएवढा बुडबुडाही अर्धा डोस खातो. माप दट्ट्याच्या काळ्या रबराच्या वरच्या कडेवर बघायचं, खालच्या नाही.

अर्धा युनिट मोजता येत नाही म्हणून काही जण ग्लार्जिनमध्ये पाणी घालतात. तसं करू नका. ते मुद्दाम आम्लधर्मी ठेवलेलं असतं, कातडीखाली गेल्यावर त्याचे बारीक कण होतात आणि ते हळूहळू विरघळतात. पातळ केलं की हा संथपणाच बिघडतो.

सुई रोज मानेच्या मागे नको. कुशीत, कधी डावीकडे कधी उजवीकडे. चिमटीत कातडी उचलून तंबू करा, सुई तंबूच्या पायथ्याशी शिरवा. केस ओले लागले आणि इन्सुलिनचा वास आला, तर सुई आरपार गेली असं समजा. तरीही दुसरा डोस द्यायचा नाही. किती आत गेलं हे कळत नाही, पुढच्या वेळेपर्यंत थांबायचं.

तीळगूळ
मीटर माणसांचा चालतो. खास प्राण्यांच्या मीटरच्या स्ट्रिप तुमच्या बजेटमध्ये बसणार नाहीत. फरक कुठे पडतो ते मात्र समजून घ्या. माणसाच्या रक्तातली बरीच साखर तांबड्या पेशींत असते, मांजराची जवळजवळ सगळी द्रवात. माणसांचा मीटर त्याच्या हिशेबाने मोजतो, म्हणून मांजराचा आकडा खऱ्यापेक्षा बहुधा कमी दाखवतो. शिवाय चांगल्या मीटरलाही १५ टक्के इकडेतिकडे मुभा असते. त्यामुळे ३०० आणि ३३० यांत फरक मानू नका. २८० वरून १४० झाले तर तो खरा फरक. मीटर आणि स्ट्रिपची कंपनी मधेच बदलू नका, नाहीतर जुनी वही निरुपयोगी होते.

रक्त कानाच्या बाहेरच्या कडेवरून. कडेला समांतर एक बारीक शीर दिसते, टोचायचं तिच्यात नाही, शीर आणि कड यांच्या मधल्या चिंचोळ्या पट्टीत. जुन्या मोज्यात मूठभर कच्चे तांदूळ भरून गाठ मारा, तव्यावर कोमट करा, आधी स्वतःच्या मनगटाला लावून पाहा, मग अर्धा मिनिट कानाला धरा. गार कानातून रक्त येत नाही आणि माणसं पुन्हा पुन्हा टोचत बसतात. टोचण्याच्या जागी व्हॅसलिनचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे थेंब केसांत न पसरता मण्यासारखा उभा राहतो. कानामागे दुमडलेला कापूस धरा, नाहीतर लॅन्सेट (रक्तासाठी टोचायची छोटी सुई) तुमच्या बोटात जाते. सुरुवातीला जाड लॅन्सेट घ्या, २६ किंवा २८ गेज. स्ट्रिपचं टोक थेंबाला बाजूने टेकवा, ती स्वतः ओढून घेते. नंतर कापसाने दहा-पंधरा सेकंद दाबून धरा, म्हणजे कान काळानिळा पडत नाही.

क्रम कायम हाच: मोजा, खायला द्या, खाल्लं की सुई. दोन सुयांमध्ये १२ तास.

पहिल्या काही आठवड्यांत सुईआधीचा आकडा २०० च्या खाली असेल तर सुई थांबवा. खायला न देता अर्ध्या तासाने परत मोजा आणि डॉक्टरांना विचारा. साखर सर्वांत खाली साधारण सुईनंतर सहा तासांनी जाते, म्हणून अधूनमधून तेव्हाचा आकडाही घ्या. डॉक्टर डोस ठरवतात तो या तळाच्या आकड्यावरून. साधारणपणे तो ८० ते १५० मध्ये यावा असं बघतात, पण तुमच्या मीटरसाठीची हद्द त्यांच्याकडूनच लिहून घ्या. सकाळचा आकडा मोठा आला म्हणून घरी डोस वाढवू नका. डोस बदलल्यावर निदान आठवडाभर तोच ठेवावा लागतो.

दवाखान्यातल्या आकड्यावर एकट्यावर विसंबू नका. पिंजरा, प्रवास, कुत्र्यांचा आवाज एवढ्यानेही मांजराची साखर खूप चढते.

रानजाई
खाण्याबद्दल मी सांगते, कारण मांजराच्या मधुमेहात अर्धं औषध तेच आहे. मांजर मूळची मांसाहारी, पिठूळ पदार्थ तिच्या अंगाला लागत नाहीत. पाकिटावर कर्बोदकं छापलेली नसतात, ती काढावी लागतात: १०० मधून प्रथिनं, चरबी, तंतू, पाणी आणि राख वजा करा. राख लिहिलेली नसेल तर सुक्या खाण्यात ८-९ धरा, ओल्यात २.

समजा सुक्या खाण्यात प्रथिनं ३०, चरबी १०, तंतू ४, पाणी १०, राख ९. उरले ३७. आता उष्मांक: ३० गुणिले ३.५ म्हणजे १०५, चरबी १० गुणिले ८.५ म्हणजे ८५, कर्बोदकं ३७ गुणिले ३.५ म्हणजे जवळपास १३०. एकूण ३२०, त्यात १३० कर्बोदकांचे. चाळीस टक्के! मधुमेही मांजराला हे १०-१२ टक्क्यांच्या आत लागतं. ग्रेव्हीच्या पाऊचमध्येही दाटपणासाठी गव्हाचं पीठ किंवा स्टार्च असतो, म्हणून हाच हिशेब तिथेही करा. एकजीव लगद्यासारखे मूस प्रकारचे पाऊच बहुधा बरे निघतात.

सगळं पाऊचवर भागवलं तर दिवसाला तीन-चार लागतील, ते परवडणार नाही. स्वस्त पडतं ते चिकन, पण नुसतं उकडलेलं चिकन महिनोन् महिने घातलं तर कॅल्शियम आणि टॉरिन (मांजराला खाण्यातूनच मिळावं लागणारं अमिनो आम्ल) कमी पडतं, हाडं आणि हृदय दोन्ही बिघडतात. बोनलेस मांडीचं चिकन अर्धा किलो, त्यात २५ ग्रॅम कलेजी (जास्त नको, अ जीवनसत्त्व साठतं), बारीक वाटलेल्या अंड्याच्या टरफलाची पूड अर्धा छोटा चमचा, टॉरिन १००० मिग्रॅ. मीठ, हळद, कांदा, लसूण काही नाही. कांदा-लसणाने मांजराच्या तांबड्या पेशी फुटतात. कमी पाण्यात शिजवा आणि ते पाणी त्यातच राहू द्या, टॉरिन पाण्यात उतरतं. टॉरिन आणि पूड गार झाल्यावर मिसळा. हे चार दिवसांचं होतं. जोडीला एक दिवसाआड एक पाऊच, म्हणजे बाकीची जीवनसत्त्वं थोडीफार मिळतील. तरी हाच आहार कायमचा ठेवायचा असेल तर जीवनसत्त्वांची पूड कोणती आणि किती, हे डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

सुकट-बोंबील नकोत, फार खारट असतात. दूध बंद, त्यात साखरच आहे.

आता सर्वांत जपायची गोष्ट. इन्सुलिन चालू असताना सुक्यावरून चिकनवर एकदम आलात तर दोन-चार दिवसांत साखर धाडकन उतरते आणि कालचा बरोबर डोस आज जास्त होतो. बदल आठ-दहा दिवसांत करा, रोज मोजत करा आणि आधी डॉक्टरांना सांगा. उपाशी ठेवून बदल लादू नका. जाड मांजर दोन-तीन दिवस जेवली नाही तर यकृतात चरबी साचून जीवावर बेतते. वजन आठवड्याला ६० ते १०० ग्रॅमपर्यंत उतरलं तर पुरे.

कृष्णाकाठ
ओसरी, घरात लाल टोपणाचीच आली होती. आत्ताच परत केली. रानजाई, खूप आभार. गोळीचं कोणी सांगेल का? नातेवाईक मेथी आणि कारल्याचा रस सुचवत आहेत.

पाणवठा
गोळीने तुमच्या खिशाला आराम पडणार नाही. ग्लिपिझाइड थोड्याच मांजरांना लागू पडते, बाकीच्यांचे मोलाचे आठवडे वाया जातात. मेटफॉर्मिनचा उपयोग होत नाही. माणसांची डापाग्लिफ्लोझिन आता स्वस्त झाली आहे म्हणून ती देण्याचा मोह होतो. त्या गटातली मांजरांसाठीची औषधे अमेरिकेत २०२२ पासून मंजूर आहेत, पण ती निवडक रुग्णांसाठी आणि कीटोनवर कडक नजर ठेवून. त्या औषधाने साखर सामान्य दिसत असतानाही रक्त कीटोनने आम्ल होऊ शकते, आणि मीटर पाहून तुम्ही निर्धास्त राहाल. स्वतःहून मुळीच देऊ नये. मेथी, कारले, जांभळाच्या बियांची पूड यांनी मांजराचे खाणे तेवढे सुटते, आणि न खाणाऱ्या मांजराला पूर्ण डोस देता येत नाही.

डॉक्टरांना एक विचारा: गेल्या काही महिन्यांत खाजेसाठी किंवा तोंड आल्यावर स्टिरॉइडचे लांब टिकणारे इंजेक्शन दिले होते का? त्यानेही साखर चढते. दात आणि हिरड्याही तपासून घ्या. सडका दात किंवा मूत्रमार्गाचा संसर्ग असेल तर इन्सुलिन लागू पडत नाही आणि डोस उगाच वाढत जातो.

साखर उतरल्याची लक्षणे: झोकांड्या, शून्यात बघणे, अचानक वखवख, मग फिट. मीटर ५० च्या खाली दाखवत असेल किंवा मोजायला वेळच नसेल, तर मध किंवा चमचाभर ग्लुकॉन-डी थोड्या पाण्यात कालवून बोटाने हिरड्यांवर चोळा. तोंडात ओतू नका, फिटमध्ये ते फुप्फुसात जाते. शुद्धीवर आला की खायला द्या, दर १५ मिनिटांनी मोजा आणि दवाखाना गाठा. ग्लार्जिनचा अंमल तासन् तास टिकतो, म्हणून एकदा सुधारला की निवांत बसू नका. पुढची सुई डॉक्टरांशी बोलल्याशिवाय नाही.

मागच्या पायांबद्दल: तो नसांवरचा परिणाम आहे. साखर आटोक्यात आली की काही आठवड्यांत ते महिन्यांत बहुतेकदा सुधारतो. तोवर त्याच्या उडीच्या जागांखाली पाट किंवा खोका ठेवा.

ओसरी
हिशेब मांडून बघते. स्ट्रिप दिवसाला दोन आणि वर थोड्या, महिन्याला ७०. स्वस्त मीटरच्या स्ट्रिप १२-१५ रुपयांना पडतात, म्हणजे हजाराच्या आत-बाहेर. सिरिंज ६०, प्रत्येकी दहा धरून ६००. काट्रिज पाचशे-सातशेच्या घरात. चिकन महिन्याला पावणेचार किलो, अकराशेच्या आसपास. पाऊच १५, सहाशे. बसतं, पण काठोकाठ. जनऔषधी केंद्रात ग्लार्जिन आहे का ते विचारून पाहा.

काट्रिजवर उघडल्यापासून २८ दिवस लिहिलेलं असतं. फ्रिजमध्ये ठेवलेलं काट्रिज बरेच मांजरवाले डॉक्टरांच्या संमतीने त्याहून जास्त वापरतात, आणि तिथे खरी बचत होते. गढूळ दिसलं, कण दिसले, किंवा खाणं-डोस तेच असून आकडे चढू लागले, की टाकून द्या. सिरिंज मात्र दुसऱ्यांदा नको. बोथट सुईने दुखतं, बोका सुईला भिऊ लागतो आणि काट्रिजमध्ये जंतू जातात.

स्ट्रिप कमी करून पैसे वाचवू नका. न मोजता दिलेली सुई म्हणजे अंधारात दिलेली सुई, आणि फिट आल्यावर दवाखान्यात भरती केलं तर दोन-तीन महिन्यांच्या स्ट्रिपचे पैसे एका रात्रीत जातात.

लाइटचं: उघडलेलं ग्लार्जिन ३० अंशांच्या खाली चालतं. काही तास लाइट गेली तर फ्रिज उघडू नका, एवढंच. दिवसभर गेली तर काट्रिज झाकणाच्या डबीत, डबी प्लॅस्टिकच्या पिशवीत, आणि ती मातीच्या माठात. माठ ओला, सावलीत, वारा लागेल असा. बर्फात किंवा फ्रीझरमध्ये कधीच नाही, एकदा गोठलं की फुकट गेलं. फ्रिजच्या मागच्या भिंतीला चिकटूनही ठेवू नका.

शिरवळचं पशुवैद्यक महाविद्यालय तुम्हाला जवळ आहे. तिथल्या दवाखान्यात तपासणीचा खर्च किती येतो ते चौकशी करून बघा. जाताना आकड्यांची वही न्या: तारीख, वेळ, साखर, डोस, किती खाल्लं.

कृष्णाकाठ
कीटोन घरी बघायचे असतील तर लघवी कशी गोळा करू? वाळूत सगळं शोषून जातं.

तीळगूळ
ट्रे रिकामा करून धुवा आणि त्यात मत्स्यालयातले गुळगुळीत खडे दोन-तीन मुठी टाका. आधी ते खडे उकळून वाळवून घ्या. बोका खरवडतो, लघवी तळाशी साचते, ट्रे तिरका करून सिरिंजने उचला (सुई नसलेल्या). साखर आणि कीटोन दोन्ही दाखवणाऱ्या पट्ट्यांची बाटली मेडिकलमध्ये मिळते. पट्टी कात्रीने उभी चिरली की एकीच्या दोन होतात. बाटलीचं झाकण लगेच घट्ट लावा, दमट हवेने रंग बिघडतात. डब्यावर लिहिलेल्या सेकंदांनीच रंग बघा, उशिरा बघितला तर गडद होतो.

या पट्टीवरच्या साखरेवरून डोस ठरवायचा नाही, तिचा उपयोग फक्त कीटोनसाठी. पहिले दोन आठवडे एक दिवसाआड बघा. कीटोनचा रंग अगदी फिका आला आणि बोका खातोय, तर त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. रंग गडद असेल, किंवा कीटोन असताना उलटी किंवा खाणं बंद असेल, तर रात्र असली तरी निघा.