खिलार म्हणजे फक्त शर्यत नव्हे

खिलार ही बैलांची जात जुन्या लोकांनी बैलगाडा शर्यतीसाठीच जपली, असं एकाने लिहिलंय, ते काही पटलं नाही. माझे आजोबा (आईचे वडील) आटपाडीकडचे, आयुष्यभर खिलार पाळली पण शर्यतीत बैल कधी घातला नाही. त्यांचा खोंड नांगराला, मोटेला आणि गाडीला जायचा. माणदेशात पाऊस कमी, मुरमाड रान, तिथं कमी चाऱ्यावर उन्हातान्हात राबणारा बैल हाच पाहिजे होता, आणि ठिल्लारी या गुरं पाळणाऱ्या लोकांनी कळप फिरवत फिरवत, पिढ्यानपिढ्या निवड करून ही जात घडवली, ते श्रेय कुणी देतच नाही.

घरात गाय व्यायली की खोंडाला सगळं दूध सोडायचे, आम्हा पोरांना चहापुरतं. खरसुंडीच्या जनावरांच्या यात्रेत आजोबा आधी खुर बघायचे, काळा आणि घट्ट पाहिजे, मग दात, मग मागं उभं राहून चाल. सौदा उपरण्याखाली बोटं धरून, भाव बोटांच्या खुणेनं. आदत (अजून दुधाचे दात न पडलेला) खोंड विकून घरी आले की दोन दिवस रिकाम्या दावणीकडं बघायचे नाहीत, जेवणपण कमी.

२०१४ ला शर्यतबंदी आली तेव्हा खोंडाचे भाव पडले हे खरंय, पण त्याच्या कितीतरी आधी ट्रॅक्टरनं दावणी रिकाम्या केल्या होत्या. ज्यांनी तेव्हाही एक वळू आणि दोन गाया ठेवल्या ना, त्या म्हाताऱ्यांच्या आठवणी लिहा इथं, कुणाच्या गावात असतील तर.