प्रतिसाद: बीएमडब्ल्यू ३ सिरीज ई९० चा पॉवर स्टिअरिंग पंप

दादा, स्टिअरिंग जड झालंय, वळवताना घूंऽऽ असा आवाज येतो आणि मेकॅनिक पंपासोबत रॅकही (चाकं वळवणारा दांडा) बदला म्हणतोय, हे वाचलं. रॅकचं सध्या राहू द्या. आधी रिझर्व्हॉयर (स्टिअरिंग ऑइलची टाकी) उघडून बघा, ऑइलमध्ये फेस दिसला तर पंपाच्या आत येणाऱ्या पाइपातून हवा खेचली जात असू शकते, तो होज आणि क्लॅम्प पंपाच्या मानाने किरकोळ खर्चाचं काम आहे.

पंप खरंच गेला असेल तर पुलीचे बोल्ट बेल्ट काढायच्या आधीच ढिले करायचे, नंतर पुली नुसती फिरत बसते. प्रेशर लाइनच्या बोल्टला वॉशर नवीनच टाकायचे, पाच-पन्नास रुपये वाचवायला जुने घातले की गळती सुरू. रिझर्व्हॉयरही बदलून टाका, फिल्टर त्याच्या आतच असतो आणि जुन्या पंपाचा धातूचा चुरा त्यात बसलेला असतो, तो नव्या पंपाचीपण वाट लावणार! ऑइल कुठलं ते टोपणावर लिहिलेलं असतं, एटीएफ (ऑटोमॅटिक गिअरबॉक्सवालं ऑइल) की सीएचएफ ११एस (हायड्रॉलिक ऑइल), दोन्ही मिसळायची नाहीत, दुकानदार काहीही म्हणू दे.

शेवटी पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत हळूहळू फिरवायचं, लेव्हल बघत ऑइल टाकत राहायचं, बुडबुडे थांबले की मगच स्टार्टर. कोरडा पंप फिरवला तर नवीन पण पहिल्याच दिवशी रडायला लागतो.

आणि वर कोणीतरी एफ३० (ई९० नंतरची ३ सिरीज) साठी पंपाची किंमत विचारलीय, त्यात हा पंपच नसतो हो, इलेक्ट्रिक स्टिअरिंग आहे.