एल्विस प्रेस्ली: कपडे आणि गाड्या सोडून आणखी काय सांगाल?

शीळ:
नमस्कार मंडळी. आमचा जुनी गाणी ऐकणाऱ्यांचा एक छोटा गट आहे. पुढच्या बैठकीत एल्विस प्रेस्लीवर अर्धा तास बोलायचं काम माझ्याकडे आलंय. वडिलांच्या कॅसेटींमुळे त्याची गाणी मी लहानपणापासून ऐकत आलेय. पण माणसाविषयी वाचायला बसलं की सगळीकडे तेच ते: पांढरा जम्पसूट, कॅडिलॅक गाड्या, शेवटच्या वर्षांतलं वजन आणि औषधांच्या गोळ्या. त्यातून गाणारा माणूस काही हाती लागत नाही. मला अशा गोष्टी हव्यात ज्या खऱ्या आहेत, फारशा बोलल्या जात नाहीत आणि कळल्यावर त्याचं गाणंही वेगळं ऐकू येईल. दोन शंका तर आत्ताच आहेत. त्याला तीन ग्रॅमी पुरस्कार मिळाले म्हणतात, ते नेमके कशाला? आणि जगभर नाव असून तो अमेरिकेबाहेर कधी गायलाच नाही, हे खरं का?

तबकडी:
शीळताई, बोलायला सुरुवात ग्रॅमीपासूनच करा. तिन्ही ग्रॅमी गॉस्पेलला आहेत, म्हणजे चर्चच्या भक्तिगीतांना. रॉक अँड रोलच्या एकाही गाण्याला नाही. पहिला १९६७ च्या 'हाउ ग्रेट दाऊ आर्ट' या अल्बमला, दुसरा १९७२ च्या 'ही टच्ड मी'ला आणि तिसरा पुन्हा 'हाउ ग्रेट दाऊ आर्ट'लाच, पण १९७४ मध्ये मेम्फिसच्या कार्यक्रमात लोकांसमोर गायलेल्या रूपाला.

मी स्वतः समूहगानात खालचा स्वर धरतो, त्यामुळे माझा कान आपसूक तिकडे जातो. एल्विसला मुळात व्हायचं होतं ते गॉस्पेल चौकडीतला गायक. चार पुरुषांचे चार थरांतले आवाज आणि साथीला पियानो. मेम्फिस या त्याच्या शहरातली ब्लॅकवुड ब्रदर्स ही चौकडी त्याचं दैवत. तिथल्या एलिस ऑडिटोरियममध्ये गॉस्पेलच्या रात्र-रात्र मैफली चालायच्या आणि शाळकरी एल्विस तिथे जाऊन बसायचा. तिकिटाला पैसे नसले की जे. डी. सम्नर नावाचा खर्जातला गायक त्याला मागच्या दारानं आत घ्यायचा. ही आठवण सम्नरनेच सांगितली आहे. पुढे १९७१ पासून शेवटपर्यंत हाच सम्नर आपला स्टॅम्प्स हा गट घेऊन एल्विसच्या मागे उभा राहून गात होता. १९७७ मध्ये त्याच्या अंत्यविधीतही तो गायला. शेवटच्या वर्षांतल्या ध्वनिमुद्रणांत एखादी ओळ संपताना जमिनीखालून आल्यासारखा स्वर ऐकू येतो ना, तो सम्नरचा.

ब्लॅकवुड मंडळींच्या पुढच्या पिढीचा 'साँगफेलोज' नावाचा गट होता. एल्विसनं तिथे आवाजाची चाचणी दिली, पण त्याला घेतलं नाही. मग १९५४ च्या ३० जूनला अलाबामात विमान कोसळून ब्लॅकवुड ब्रदर्समधले दोन गायक गेले. २ जुलैला एलिस ऑडिटोरियममध्येच त्यांचा अंत्यविधी झाला आणि एल्विस त्याला हजर होता. आणि ५ जुलैच्या रात्री सन स्टुडिओत त्यानं 'दॅट्स ऑल राइट' गायलं, ज्या गाण्यापासून त्याचा सगळा प्रवास सुरू झाला असं मानतात. मधे फक्त तीन दिवस. चरित्रांमध्ये या दोन गोष्टी वेगवेगळ्या पानांवर येतात. मी त्या शेजारी-शेजारी ठेवूनच ते गाणं ऐकतो.

त्या गाण्यात ड्रम्स नाहीत, हेही बैठकीत सांगा. बहुतेकांच्या लक्षातच येत नाही. बिल ब्लॅक उभ्या बासच्या, म्हणजे खर्जाच्या मोठ्या तंतुवाद्याच्या, तारा फळीवर आपटतो, तोच ठेका. स्कॉटी मूरची इलेक्ट्रिक गिटार आणि एल्विसची साधी गिटार, झालं, एवढंच. संध्याकाळभर ते संथ गाण्यांशी झटत होते आणि काही केल्या रंग भरत नव्हता. मधल्या सुट्टीत एल्विस उगीच मस्ती करत हे गाणं म्हणायला लागला, बाकीचे दोघे त्यात शिरले आणि स्टुडिओचा मालक सॅम फिलिप्स यानं आतून डोकं काढून त्यांना पुन्हा पहिल्यापासून घ्यायला लावलं.

त्याच्याही आधीची एक तबकडी आहे. १९५३ च्या उन्हाळ्यात, शाळा नुकतीच संपलेली असताना, तो याच जागी स्वतःच्या खिशातले सुमारे चार डॉलर देऊन दोन गाणी रेकॉर्ड करून गेला होता: 'माय हॅपिनेस' आणि 'दॅट्स व्हेन युअर हार्टेक्स बिगिन'. टेबलाशी फिलिप्सच्या सहायक मॅरियन किस्कर बसल्या होत्या. तू कुणासारखं गातोस, या त्यांच्या प्रश्नावर त्यानं, मी कुणासारखाच नाही गात, असं उत्तर दिलं. तो गेल्यावर त्यांनी नोंद करून ठेवली की गाणारा चांगला आहे, लक्षात ठेवावा. ती नोंद नसती तर पुढच्या वर्षी त्याला कुणी बोलावलं असतं का, असं मला राहून राहून वाटतं. घरी रेकॉर्ड प्लेअर नव्हता म्हणून तो ती तबकडी शाळेतल्या मित्राकडे ऐकायला घेऊन गेला आणि ती तिथेच राहिली. २०१५ साली, त्याच्या ऐंशीव्या वाढदिवसाला, ग्रेसलँड या त्याच्या मेम्फिसमधल्या घरी तिचा लिलाव झाला. तीन लाख डॉलरला ती गेली. घेणारा होता गायक-गिटारवादक जॅक व्हाइट.

आईविषयी थोडक्यात. एल्विसचा जुळा भाऊ जेसी मृतच जन्मला, हे बऱ्याच जणांना माहीत असतं. वडील व्हर्नन यांनी एका धनादेशावरची रक्कम बदलली म्हणून १९३८ मध्ये त्यांना मिसिसिपीच्या पार्चमन तुरुंगात पाठवलं होतं, हे कमी जणांना ठाऊक असतं. एल्विस तेव्हा तीन वर्षांचा. टुपेलो या त्याच्या जन्मगावातलं दोन खोल्यांचं घरही गेलं. मायलेकरू एकमेकांना इतके घट्ट का धरून होते, ते यातून कळतं. १९५८ च्या ऑगस्टमध्ये आई ग्लॅडिस गेली तेव्हा तो लष्करात होता. तिच्या अंत्यविधीला त्यानं ब्लॅकवुड ब्रदर्सना बोलावलं आणि ते गात असताना तो एकेका गाण्याची चिठ्ठी पुढे पाठवत राहिला. ठरलेली गाणी कधीच संपली होती, तरी ते गातच होते.

रात्रपाळी:
परदेशाचं मी सांगतो. तो अमेरिकेबाहेर गायला, पण फक्त कॅनडात आणि फक्त १९५७ साली: टोरंटो, ओटावा आणि व्हँकुव्हर. जर्मनीत दीड वर्ष राहिला तो सैनिक म्हणून, तिथे त्यानं कार्यक्रम केले नाहीत.

कारण बहुतेक जण त्याच्या व्यवस्थापकापाशी नेऊन पोहोचवतात आणि मलाही तेच पटतं. 'कर्नल' टॉम पार्कर स्वतःला वेस्ट व्हर्जिनियाचा म्हणवायचा. प्रत्यक्षात तो नेदरलँड्समधल्या ब्रेडा गावचा, खरं नाव आंद्रियास कॉर्नेलिस व्हान काइक, जन्म १९०९. तरुणपणी कागदपत्रांशिवाय अमेरिकेत शिरला आणि तिथलाच होऊन राहिला. कर्नलपदसुद्धा लुइझियानाच्या गव्हर्नरनं दिलेली मानाची उपाधी. त्याच्याकडे अमेरिकेचा पासपोर्ट नव्हता. परदेशातून मोठमोठी आमंत्रणं यायची आणि तो ती टाळत राहायचा.

पैशांचं तर वाचून जीव तुटतो. पार्करचा वाटा आधी २५ टक्के होता, तो १९६७ च्या करारात निम्म्यापर्यंत गेला. १९७३ मध्ये त्यानं एल्विसच्या तोवरच्या सगळ्या रेकॉर्डिंगवरचे पुढचे हक्क आरसीए या रेकॉर्ड कंपनीला ५४ लाख डॉलरला विकून टाकले. त्यातलाही अर्धा हिस्सा पार्करचा. म्हणजे 'हार्टब्रेक हॉटेल', 'हाउंड डॉग', 'लव्ह मी टेंडर' यांच्या खपावर एल्विसला आणि पुढे त्याच्या मुलीला काही मिळायचं राहिलं नाही. तो गेल्यावर न्यायालयानं मुलीच्या हिताकरता एक वकील नेमला आणि त्यानं हे सगळं उकरून काढलं, तेव्हा कुठे पार्करला दूर करण्यात आलं.

त्याच १९७३ च्या जानेवारीत होनोलुलूचा कार्यक्रम उपग्रहावरून देशोदेशी दाखवला गेला. परदेशातल्या चाहत्यांना तो भेटला तो एवढाच. हवाईतल्या कुई ली या संगीतकाराच्या नावाच्या कर्करोग निधीसाठी त्या कार्यक्रमातून ७५ हजार डॉलर जमले. याचा उल्लेख जरूर करा.

शीळ:
दोघांचेही मनापासून आभार. ब्लॅकवुडचा अंत्यविधी आणि 'दॅट्स ऑल राइट' यांच्यामधले तीन दिवस आता डोक्यातून जात नाहीत. एक अवघड प्रश्न उरलाय आणि तो बैठकीत कुणीतरी विचारणारच. कृष्णवर्णीय गायकांचं संगीत उचलून हा गोरा मुलगा मोठा झाला, असं म्हणतात. यावर काय बोलू? सारवासारव करायची नाही मला.

तबकडी:
करूही नका. 'दॅट्स ऑल राइट' हे आर्थर क्रुडप या कृष्णवर्णीय ब्लूज गायकाचं १९४६ चं गाणं. क्रुडपला त्याच्या गाण्यांचे पैसे हयातीत नीट मिळाले नाहीत, ही उघड लूट होती. 'हाउंड डॉग' एल्विसच्या तीन वर्षं आधी बिग मामा थॉर्नटननं गाजवलं होतं. तिचं नाव किती जणांना माहीत असतं? तेव्हाचा धंदाच असा होता की तेच गाणं गोऱ्या चेहऱ्यानं गायलं की त्याला सगळी दारं उघडायची. हे आधी स्पष्ट सांगा.

मग त्याची स्वतःची वागणूक सांगा. १९५६ मध्ये, ऐन गाजत असताना, त्यानं शार्लटच्या वर्तमानपत्राला सांगितलं की मी जे गातोय ते कृष्णवर्णीय लोक कितीतरी वर्षांपासून गात आलेत. तिथे त्यानं क्रुडपचं नाव घेतलं. मेम्फिसमध्ये रेव्हरंड ब्रूस्टर यांच्या ईस्ट ट्रिग या कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये तो मुलगा असताना गाणी ऐकायला जायचा, आणि तो काळ असा की गोऱ्यांची आणि कृष्णवर्णीयांची चर्चसुद्धा वेगळी. १९५७ मध्ये त्याच्या तोंडी एक हिणकस वाक्य घालून अफवा पसरली होती. 'जेट' या कृष्णवर्णीय वाचकांच्या साप्ताहिकाच्या पत्रकारानं तिचा माग काढला, थेट एल्विसला गाठलं, मेम्फिसमधल्या लोकांना विचारलं आणि त्यात तथ्य नसल्याचं छापलं. आणि १९६९ मध्ये लास व्हेगासच्या पत्रकार परिषदेत कुणी त्याला राजा म्हणालं, तेव्हा त्यानं तिथेच असलेल्या फॅट्स डॉमिनो या कृष्णवर्णीय गायकाकडे बोट दाखवून सांगितलं की रॉक अँड रोलचा खरा राजा तो.

पण माझ्या मते सगळ्यात बोलका पुरावा एका टेपवर आहे. ४ डिसेंबर १९५६. एल्विस सहज म्हणून सन स्टुडिओत डोकावला. कार्ल पर्किन्सचं रेकॉर्डिंग चालू होतं, पियानोवर जेरी ली लुइस, जॉनी कॅशही येऊन गेला. सगळे गात बसले आणि टेप चालू राहिली. त्यात गॉस्पेल किती आहे ते ऐकाच, पियानोभोवती जमले की हे तरुण आपोआप तिकडेच वळतात. मधेच एल्विस रंगात येऊन सांगायला लागतो: लास व्हेगासमध्ये बिली वॉर्डच्या डॉमिनोज गटात एक पोरगा माझी नक्कल करतो, माझंच 'डोन्ट बी क्रुएल' गातो आणि माझ्या रेकॉर्डपेक्षा कितीतरी चांगलं गातो. तो पोरगा म्हणजे कृष्णवर्णीय गायक जॅकी विल्सन, अजून नाव न झालेला. त्याला ऐकायला एल्विस लागोपाठ चार रात्री गेला होता. मग तो सगळ्यांना ते गाणं विल्सनच्या ढंगात गाऊन दाखवतो, चाल संथ करून, शेवट लांबवून. आपली नक्कल करणाऱ्याची नक्कल, आणि तीही निव्वळ कौतुकानं. त्या आवाजातला आनंद मी कितीही वेळा ऐकला तरी जुना होत नाही.

आता ६ जानेवारी १९५७ चं एड सलिव्हनच्या टीव्हीवरच्या कार्यक्रमाचं चित्रण बघा. तिथे तो 'डोन्ट बी क्रुएल' गातो, ते त्याच्या रेकॉर्डसारखं नाही, विल्सनसारखं. सगळा देश बघत असताना.

खर्ज:
छान चाललीय चर्चा. एक छोटी भर. १९६४ पासून पुढे त्याला अध्यात्माची फार ओढ लागली. त्याचा केशकर्तनकार लॅरी गेलर त्याला पुस्तकं आणून द्यायचा. त्यातून तो परमहंस योगानंदांच्या लेखनापर्यंत पोहोचला आणि लॉस एंजेलिसमधल्या त्यांच्या संस्थेत जाऊन दया माता यांना अनेकदा भेटला. दया माता तेव्हा संस्थेच्या प्रमुख होत्या, मूळच्या सॉल्ट लेक सिटीच्या. पार्करला हे अजिबात खपलं नाही आणि १९६७ मध्ये गेलरला बाजूला केलं गेलं. 'हाउ ग्रेट दाऊ आर्ट'चं रेकॉर्डिंग १९६६ चं, म्हणजे बरोबर याच वर्षांतलं. तबकडी म्हणतात त्याच्याशी हे जुळतं.

शीळ:
वा! हे मला कुठेच सापडलं नव्हतं. अर्ध्या तासात तीनच गाणी वाजवता येतील. कुठली निवडू?

तबकडी:
पहिलं 'दॅट्स ऑल राइट'. ड्रम्सचं मात्र गाणं संपल्यावर सांगा, म्हणजे लोक पुन्हा लावायला सांगतील.

दुसरं 'डोन्ट बी क्रुएल': आधी सन स्टुडिओतल्या टेपवरचा तो किस्सा आणि गाणं, मग सलिव्हनच्या कार्यक्रमातलं.

तिसरं त्याच ६ जानेवारीच्या रात्रीचं. त्या दिवशी कॅमेरा त्याच्या कमरेखाली जाऊ दिला नव्हता, ही गोष्ट सगळेच सांगतात. त्याच कार्यक्रमात शेवटी त्यानं 'पीस इन द व्हॅली' हे गॉस्पेल गायलं आणि गाण्याआधी सलिव्हननं त्याच्या वतीनं हंगेरीतल्या निर्वासितांसाठी मदतीचं आवाहन केलं, हे फारसं कुणी सांगत नाही. तिथे तो जवळजवळ हलतच नाही. मागे जॉर्डनेअर्स आहेत, म्हणजे पुन्हा चौकडीच. मोठ्या पडद्यावर दाखवता आलं तर त्याचा चेहरा बघा आणि आवाज थोडा वाढवून ठेवा, खालच्या ओळी तो अगदी हळू घेतो.