उत्तर: चार्ल्स्टन सहल – दोनपैकी कुठलं घर?

मंडळी,
शुक्रवारी गटाची तिकिटं काढतोय. शार्लटहून सातला निघालो तरी साडेदहा होणार, तेव्हा एकच घर. रसेल की एकेन-ऱ्हेट? दोन्ही जुन्या श्रीमंतांची घरं, आता संग्रहालयं. मध्ये मैलाहून जास्त अंतर आहे आणि मागच्या सहलीनंतर कोणाला पायी चालवायची माझी छाती नाही. फक्त नाव कळवा, चर्चा नको.
– खजिनदार

रसेल! १८०८चं. गोल जिना तीन मजले चढतो, भिंतीला कुठे टेकत नाही. एकेन-ऱ्हेटचे फोटो बघितले. रंगाचे पोपडे, फाटका वॉलपेपर. आमच्या शनिवार पेठेतल्या वाड्यात हे सगळं फुकट होतं.
– सुधाकाकू

काकू, पोपडे मुद्दाम ठेवलेत. १९७५पर्यंत घर त्याच घराण्याकडे होतं. पुढे पडणार नाही एवढंच बघितलं, नटवलं नाही. आणि बघायचं ते मागच्या अंगणात. खाली स्वयंपाकघर आणि कपडे धुण्याची खोली, वर गुलामांच्या खोल्या. घरमालक एकेन साउथ कॅरोलायनाचा गव्हर्नर होता. जेहॉसी बेटावर त्याची भातशेती, राबायला सातशेच्या आसपास गुलाम. रसेल तर गुलामांचा व्यापार करायचा, पण जिन्यावर फोटो काढताना ते कोण आठवतंय?
– मंदार

काकू, तुमचा वाडा बिल्डरनं पाडला ना? चार्ल्स्टननं १९३१मध्येच कायदा करून जुना भाग राखीव केला, अमेरिकेत पहिल्यांदा. म्हणून यादवी युद्धाआधीची घरं आज उभी दिसतात.
– नंदू

वाडा आम्ही दिला. पाडला त्यांनी. फरक आहे.
– सुधाकाकू

तिथल्या अरुंद घरांचं रस्त्यावरचं दार उघडलं की घर नाही, बाजूची लांब ओसरी लागते. मागच्या वेळी आमचे हे 'उघडंच आहे' म्हणून आत शिरले होते. लोक राहतात तिथे! सगळ्यांना बसमध्येच सांगा.
– माई

माई, बाजूला असते ती पडवी.
– नंदू

नंदू, मी गुहागरची आहे.
– माई

आठ वर्षांच्या मुलांना गुलामांच्या खोल्या दाखवायच्या का, ते आधी ठरवा.
– प्राची

माझी सात वर्षांची आहे. मी दाखवणार.
– मंदार

आत्तापर्यंत: रसेल १, एकेन-ऱ्हेट १, पडवी १, ओसरी १.
– खजिनदार

बरं, एकेन-ऱ्हेट चालेल. त्या वरच्या खोल्यांना जिना आहे का? माझे गुडघे.
– सुधाकाकू

आहे. तुम्ही खालचं स्वयंपाकघर बघा, मी थांबतो सोबत.
– मंदार