जुन्या बाईकचे पुढचे शॉकअप घरी उघडावेत का? सल्ला हवा

नमस्कार मंडळी,
घरात एक जुनी १२५ सीसी बाईक आहे. वडिलांनी वापरलेली, त्यामुळे विकायची नाही. हल्ली पुढचा ब्रेक दाबला की हँडल भसकन खाली जातं, आणि खड्ड्यातून जाताना ‘ठक्’ असा आवाज येतो. उजव्या शॉकअपच्या चकचकीत पाईपवर तेलाचं कडं उमटतं आणि त्यावर धूळ बसून काळा लेप होतो. गॅरेजमध्ये म्हणाले, दोन्ही शॉकअप पूर्ण बदला. चाक काढणं, ब्रेक लायनर बदलणं मी घरीच करतो. नुसतं सील (तेल बाहेर येऊ न देणारं रबरी कडं) बदलून भागेल का? तेल कुठलं घालू? आणि हे काम घरी झेपण्यासारखं आहे का?

प्रतिसाद १
झेपेल. पण सील आणायच्या आधी पाईप बघा. सील फाटतं ते बहुतेक वेळा पाईपमुळे. क्रोमवर गंजाचा बारीक खड्डा पडला की त्याची धार दर हेलकाव्याला सीलच्या ओठावरून, म्हणजे पाईपला टेकणाऱ्या कडेवरून, फिरते. तो खड्डा तसाच ठेवून नवं सील बसवलंत तर तेही लवकरच गळणार. पाईप रॉकेलने स्वच्छ पुसा आणि बोटाचं नख वरून खाली, सगळ्या बाजूंनी फिरवा. जिथे नख अडेल तिथे खूण करा.

हँडल खाली जाण्याचं कारण वेगळं आहे. शॉकअपमधलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं, त्यातून स्प्रिंगच्या उसळीला लगाम बसतो. तेल कमी झालं किंवा जुनं होऊन पातळ झालं की लगाम सुटतो. तेव्हा गळती एका बाजूला असली तरी तेल दोन्हीकडचं बदला, आणि सीलही जोडीनेच.

प्रतिसाद २
‘ठक्’ आवाज शॉकअपचाच आहे असं धरून चालू नका. पुढचं चाक अधांतरी करा, दोन्ही शॉकअपचं खालचं टोक धरून पुढे-मागे हलवा. हाताला खटका लागला तर हँडलचा कोनसेट (हँडल ज्यावर फिरतं ते छर्‍यांचं बेअरिंग) ढिला आहे. मग हँडल सावकाश डावी-उजवीकडे फिरवा. मधोमध अडकल्यासारखं झालं तर छर्‍यांनी वाटीत खाचा पाडल्यात. तसं असेल तर कोनसेट आत्ताच बदला, नाहीतर हीच खोलाखोल पुन्हा करावी लागेल.

प्रतिसाद ३
कामाचा क्रम सांगतो, कारण खरा धोका तिथेच आहे. शॉकअपच्या वरच्या झाकणाखाली स्प्रिंग दाबलेली असते. हँडलखाली पाईप धरणाऱ्या दोन पकडी, म्हणजे क्लॅम्प, असतात; आधी वरच्या क्लॅम्पचा बोल्ट ढिला करा आणि शॉकअप खालच्या क्लॅम्पमध्ये पक्का असतानाच झाकण थोडं सैल करून घ्या. शेवटचे आटे सोडताना झाकण तळहाताने दाबून धरा, तोंड बाजूला ठेवा. बुडाशी ॲलन बोल्ट (डोक्यात षटकोनी खाच असलेला) असेल तर तो स्प्रिंग आत असतानाच ढिला करा. स्प्रिंग काढल्यावर आतला रॉड बोल्टबरोबर गरगर फिरतो आणि बोल्ट काही सुटत नाही. त्या बोल्टखालचं तांब्याचं वायसर नवं टाका.

सीलचं माप जुन्या सीलवरच छापलेलं असतं, उदाहरणार्थ ३१×४३×१०.३: आतला व्यास, बाहेरचा व्यास, जाडी. तेच माप घ्या. बसवताना पाईपच्या टोकावर पातळ प्लास्टिकची पिशवी चढवा, तिला तेल लावा आणि त्यावरून सील सरकवा, म्हणजे कडेला ओठ कापत नाही. मग योग्य व्यासाच्या पीव्हीसी पाईपने सगळीकडून सारखं ठोकत सरक्लिपची (सील जागेवर धरणाऱ्या तारेच्या कड्याची) खाच पूर्ण उघडी दिसेपर्यंत खाली न्या.

तेलाचा दर्जा मॅन्युअलप्रमाणेच घ्या. तिथे प्रमाणाचे बहुधा दोन आकडे असतात: नुसतं तेल बदलताना कमी, पूर्ण खोलून कोरडं केल्यावर जास्त. तुम्हाला दुसरा लागेल. तेल ओतल्यावर पाईप हळूहळू वर-खाली करून हवा काढा. मग स्प्रिंग न घालता पाईप पूर्ण आत दाबा आणि तेलाची पातळी वरून मोजा. दोन्हीकडे ती सारखी हवी.

धागाकर्ता
सगळ्यांचे मनापासून आभार. कोनसेट ठीक निघाला. पण पाईपवर नख दोन ठिकाणी अडतंय: एक जागा दोन्ही क्लॅम्पच्या मध्ये आहे, दुसरी सीलच्या चार बोटं वर. पाईप बदलावाच लागेल का?

प्रतिसाद १
वरच्या जागेची काळजी नको, सील तिथवर जातच नाही. खालच्या जागेचं मात्र बघायला हवं. पाईपला सीलच्या अगदी वर एक केबल टाय घट्ट बांधा आणि जोरात ब्रेक दाबून, रस्त्यावरून एक फेरी मारून या. टाय जिथवर सरकेल तिथवर सील पोहोचतं. खड्डा त्या टप्प्यात असेल आणि अगदी बारीक असेल, तर १५०० नंबरचा पॉलिश पेपर पाण्यात भिजवून फक्त त्याची उंचावलेली कड घासा. आजूबाजूचं क्रोम घासू नका. त्यानंतरही नख अडलं तर पाईप बदला किंवा त्यावर नवं हार्ड क्रोम चढवून घ्या.

प्रतिसाद २
जोडताना एक्सलचा (चाकाच्या दांड्याचा) नट आधी आवळा, गाडी स्टँडवरून उतरवा, पुढचा ब्रेक धरून हँडल चारपाच वेळा जोरात दाबा आणि मगच एक्सलचा पकड-बोल्ट (शॉकअपच्या खालच्या टोकाशी एक्सल आवळून धरणारा) आवळा. त्याने दोन्ही शॉकअप आपसूक सरळ रेषेत येतात. आणि फेरीला निघण्याआधी ब्रेक लायनरवर तेल उडालं नाही ना, ते तपासा. उडालं असेल तर लायनर बदलूनच गाडी बाहेर काढा.