छाप्यानंतर छापा पडण्याचं प्रमाण 50 टक्क्यांहून कमी कसं?

शून्यांक: नाणं 3 वेळा उडवायचं. छाप्याच्या लगेच पुढच्या फेकी तेवढ्या घ्यायच्या आणि त्यांत छाप्यांचं प्रमाण किती ते काढायचं. असे हजारो संच करून त्या प्रमाणांची सरासरी काढली तर 5/12, म्हणजे 41.7 टक्के येते. नाण्याला स्मरणशक्ती नाही, मग हे आलं कुठून? आणि यावरून बास्केटबॉलमधल्या 'हॉट हँड'चा, म्हणजे लागोपाठ बास्केट करणाऱ्याचा पुढचा शॉटही बसण्याची शक्यता वाढते या समजुतीचा, वाद पुन्हा का पेटला?

विदावेडा: आठही संच कागदावर मांडा (छा म्हणजे छापा, का म्हणजे काटा). काकाका आणि काकाछा बाद, कारण त्यांत छाप्यानंतर फेकच नाही. छाकाका, काछाका, छाकाछा: प्रत्येकी 0. काछाछा: 1. छाछाका: ½. छाछाछा: 1. बेरीज 2.5, भागिले 6.

आता संच विसरा, नुसत्या फेकी मोजा. छाप्यानंतरच्या फेकी 8, त्यांत छापे 4. बरोबर निम्मे! नाणं निर्दोष आहे, गोची सरासरीत आहे. छाछाछामध्ये अशा दोन फेकी असूनही त्याला छाकाकाच्या एका फेकीएवढंच वजन मिळतं.

तिरपा_शॉट: 1985 मध्ये गिलोविच, व्हॅलोन आणि ट्वर्स्की या संशोधकांनी हीच पद्धत वापरली होती. कॉर्नेल विद्यापीठाचे 26 खेळाडू, प्रत्येकी साधारण 100 शॉट. सलग 3 यशांनंतरची टक्केवारी सलग 3 अपयशांनंतरच्या टक्केवारीहून सरासरी जेमतेम 3 टक्केबिंदूंनी जास्त निघाली, म्हणून हॉट हँड हा भ्रम ठरवला गेला. 2018 मध्ये मिलर आणि सान्हुर्हो यांनी दाखवलं की 100 फेकींत निव्वळ नाण्यासाठीसुद्धा हा फरक शून्य नव्हे, सुमारे उणे 8 येतो. म्हणजे तुलना उणे 8 शी करायची. खरा फरक 11 च्या आसपास. खेळात हा लहानसहान आकडा नाही.

शून्यांक: मग सगळ्यांचे शॉट एकत्र करून मोजले की झालं?

विदावेडा: अजिबात नको. एक खेळाडू 60 टक्क्यांचा, दुसरा 40 चा, हॉट हँड कोणालाच नाही असं धरा. सलग 3 यशं पहिल्याला 0.216 संभाव्यतेने मिळतात, दुसऱ्याला 0.064. एकत्र केलेल्या आकड्यांत '3 यशांनंतर' 55 टक्के दिसतील, कारण ते शॉट बहुतेक पहिल्याचेच.

त्यापेक्षा प्रत्येक खेळाडूचा क्रम वेगळा ठेवून तो 10,000 वेळा पिसा. यश-अपयशाची संख्या तीच, क्रम तेवढा बदलायचा. दर वेळी तोच फरक काढा आणि मूळ फरक या 10,000 फरकांमध्ये कुठे बसतो ते पाहा. ज्या क्रमात फरक काढताच येत नाही तो बाद.

तिरपा_शॉट: एकट्या खेळाडूवरून मात्र निष्कर्ष काढू नका. 100 शॉटांत सलग 3 यशांनंतरचे शॉट मिळतात जेमतेम 12, अपयशांनंतरचेही तेवढेच. दोहोंच्या फरकाची प्रमाण त्रुटी, म्हणजे निव्वळ योगायोगाने होणारा चढउतार, जवळपास 20 टक्केबिंदू. 11 चा परिणाम त्यात बुडून जातो. 26 जणांच्या सरासरीत ती 4 वर येते, तेव्हा कुठे काही दिसतं. सामन्यांच्या विदेत आणखी एक लफडं: लागोपाठ बास्केट करणाऱ्याला बचावपटू घट्ट धरतात आणि तोही अवघड शॉट घेऊ लागतो. शॉटचं अंतर आणि बचावपटू किती जवळ होता हे हिशेबात न धरता काढलेली टक्केवारी कुठल्याच बाजूने पुरावा म्हणून चालत नाही.